तव्याची काजळी

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. बी.एड. उर्दू आणि मराठी अशा दोन विषयांत केलेलं. उर्दूची जागा मिळाली नाही, मराठीची मिळाली. राहायला बारामतीत. सकाळची एसटी धरायची, भवानीनगर, लासुर्णे मागं टाकत उसाच्या फडांमधून शाळेला जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात पन्हाळ्याच्या वेढ्यावर छोटं नाटक बसवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मला आनंद झाला, थोडा अभिमानही वाटला. मुसलमान बाई शिवाजी महाराजांचं नाटक बसवते आहे, हे गावानं पाहावं असं मनात होतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण हे ओझं आपल्यातल्या अनेकांच्या ओळखीचं असेल.

महाराज मिळाले, बाजीप्रभू मिळाले, शिवा काशीदसाठी तर तिघं भांडत होते. सिद्दी जौहर व्हायला मात्र कुणी तयार होईना. शेवटी माझी नजर मागच्या बाकावर गेली. तिथं बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीतला एक मुलगा बसायचा. दिवाळीनंतर आईबापांबरोबर यायचा, कारखाना बंद झाला की निघून जायचा. सहावीत होता. वर्णानं काळा, त्यात फडातल्या उन्हानं आणखी रापलेला. मी म्हणाले, "तू हो रे सिद्दी. तुला रंगपण फार लागायचा नाही."

वर्ग हसला. मीही हसले. तोही हसला, कारण सगळे हसत होते.

संमेलनाच्या संध्याकाळी मी घरून आणलेल्या तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून त्याच्या तोंडाला फासली. मुळात रंग फार लागायचा नाही असं म्हटलं होतं, तरी फासलीच. प्रेक्षकांना लांबून दिसायला हवं ना. ओठांना लाल रंग लावला, डोळ्यांभोवती पांढरी रेघ काढली, एका कानात पडद्याची पितळी रिंग अडकवली. हे सगळं मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. सिद्दी म्हणजे असाच, हे मला आपोआप माहीत होतं.

तो मंचावर आला तेव्हा लोक हसले आणि ओरडले. नाटक छान झालं. पाटलांनी पाचशे एक रुपये बक्षीस दिलं.

नंतरच्या आठवड्यात शाळेत त्याचं नाव सिद्दी पडलं. मी एक-दोनदा मुलांना दटावलं, पण जोर लावून नाही. मग एका सकाळी त्याची आई कोपीवरून थेट शाळेत आली. पदराला उसाचं पाचट चिकटलेलं होतं. फडावर जायचं सोडून आली होती, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवून आली होती. म्हणाली, "म्याडम, लेकरू तोंड घासायलंय दगडानं. काळं निघंना म्हणतंय. रगत निघलंय गालातून. काय लावलं व्हतं तुमी?"

मी म्हणाले, "काही नाही हो, काजळी होती नुसती. साबणानं निघते."

"ती कवाच निघली," ती म्हणाली.

तो पुन्हा शाळेत आला नाही. टोळी दुसऱ्या गावाला हलली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ऊसतोड मुलांची गळती ही काही नवी गोष्ट नव्हती. हे कारण सोयीचं होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

आता याच्या उलटी एक गोष्ट. ती मात्र मी अनेकदा सांगितली आहे, हसत हसत. मी बारामतीत तिसरीत होते. २६ जानेवारीला राष्ट्रीय एकात्मतेचा देखावा होता. हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिश्चन अशी चार मुलं ओळीत उभी राहायची. वर्गात मुसलमान मुलगा नव्हता, म्हणून बाईंनी मलाच मुसलमान पुरुष केलं. घरी येऊन अब्बांना सांगितलं, रूमी टोपी पाहिजे, गोंड्याची. अब्बा गोंधळले. आमच्या घराण्यात रूमी टोपी कुणी घातली नव्हती. आमचे दादा धोतर नेसायचे आणि डोक्याला पागोटं बांधायचे. दादी आयुष्यभर नऊवारी नेसली. अब्बा पायजमा आणि गांधी टोपीत बाजारला जायचे. शेवटी बँडवाल्यांकडून एक जुनी लाल टोपी मागून आणली. चौकड्याची लुंगी, डोळ्यांत सुरमा, हनुवटीला कापसाची दाढी. सुरम्यानं डोळे झोंबत होते. दादा कार्यक्रम बघायला आले होते. घरी जाताना त्यांनी मला विचारलं, "बेटा, वो तू कौन बनी थी?"

"मुसलमान, दादा."

"अच्छा," ते म्हणाले आणि आपलं पागोटं सारखं करत पुढं चालू लागले.

ही गोष्ट सांगताना माझा सूर नेहमी तक्रारीचा असतो: बघा, आम्हाला कसं रंगवतात! तक्रार खोटी नाही. पण तक्रार करणारीच पुढं तवा घेऊन उभी राहिली, ते मी सोडून देत आले.

हे सगळं पुन्हा वर आलं ते माझ्या मुलीमुळं. ती चित्रकलेचं शिक्षण घेते. मागच्या उन्हाळ्यात तिला वसाहतीच्या काळातल्या चित्रांवर काही लिहून द्यायचं होतं. रात्री जेवणानंतर तिनं मोबाइलवर एक रंगीत चित्र दाखवलं. डोक्यावर मोठा, पिसांचा मुकुट घातलेला माणूस, झगमगता घेरदार पोशाख, चेहऱ्यावर गोरा मुखवटा. "अम्मी, सांग बघू कुठलं?"

मला काय कळणार! ते जमैकाचं होतं. तिथं नाताळच्या दिवसांत काळे लोक सोंगं घेऊन मिरवणूक काढायचे, तिला जोनकनू म्हणतात. आपल्याकडच्या शिमग्याच्या सोंगांसारखंच. आयझॅक मेंडेस बेलिसारियो नावाच्या चित्रकारानं किंग्स्टनमध्ये १८३७-३८ साली अशा चित्रांचा संच छापला. त्यात सोंगं घेणारे होते, दूध विकणारी बाई होती, पाण्याचे घडे विकणारे होते, धुराडी साफ करणारा होता. इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी कायद्यानं १८३४ मध्ये संपली. पण जमैकातल्या बहुतेकांना जुन्या मालकाकडे 'उमेदवारी' म्हणून राबावं लागत होतं, ते १८३८ मध्ये थांबलं. म्हणजे ही चित्रं छापली जात होती तेव्हा चित्रातली माणसं धड गुलाम नव्हती आणि धड मोकळीही नव्हती.

त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, अगोस्तिनो ब्रुनियास नावाचा इटालियन चित्रकार डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंट या बेटांवर गेला. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या, सर विल्यम यंग यांच्या आश्रयानं त्यानं चित्रं काढली. बाजारात नटूनथटून निघालेल्या बायका, नदीवर कपडे धुणाऱ्या बायका, नाच. बघत राहावीत अशी चित्रं. मुलगी म्हणाली, "यात काय नाहीये ते शोध."

मी बघत राहिले. शेतं नव्हती. ती बेटं साखरेवर जगत होती, माणसं जहाजात कोंबून आफ्रिकेतून आणली होती ती उसासाठी, आणि चित्रात ऊसच नव्हता. फडात वाकलेली पाठ नव्हती. चाबूक तर नव्हताच.

पन्नासेक किलोमीटर उसातून रोज जाणाऱ्या बाईला हे एकदम कळतं. बारामती-इंदापूरच्या पाहुण्यांना आपण काय दाखवतो? भिगवणचे रोहित पक्षी, मोरोपंतांचा वाडा, कारखान्याचं धुराडं. पाचटाच्या कोप्या दाखवत नाही.

माझी समजूत अशी होती की, माणसांना हिणवणारं चित्र म्हणजे विद्रूप चित्र: जाड ओठ, बटबटीत डोळे. तशीही चित्रं त्या काळात ढिगानं निघाली. पण बेलिसारियो आणि ब्रुनियास यांची चित्रं विद्रूप नाहीत. त्यांत मेहनत आहे, कुठं कुठं मायाही आहे. तरी त्या दूधवालीचं नाव आपल्याला कळत नाही. ती 'दूधवाली' एवढीच आहे. तिच्याकडे बघून जमैकाच्या सगळ्या दूधवाल्या बघितल्यासारखं वाटावं, यासाठीच ती काढलेली आहे.

आणखी एक गोष्ट मुलीनं सांगितली, ती मला रात्रभर पुरली. बेलिसारियो ज्यू होता. जमैकातल्या ज्यूंना मतदानासारखे पूर्ण हक्क १८३१ च्या सुमारास मिळाले, म्हणजे या संचाच्या जेमतेम सहा-सात वर्षं आधी. ज्याच्या समाजाला काल-परवापर्यंत बाहेर उभं केलं होतं, तोच दुसऱ्यांचे 'नमुने' काढत बसला होता. मी त्याला नावं ठेवणार होते. मग माझा तवा आठवला.

गुलामगिरी संपल्यावर त्या बेटांवर ऊस कोण तोडणार, असा प्रश्न आला. तेव्हा करारावर हिंदुस्थानातून माणसं नेली. ब्रिटिश गयानात १८३८ पासून, त्रिनिदादमध्ये १८४५ पासून. हिंदूही गेले, मुसलमानही. पुढं छायाचित्रं आली तेव्हा त्यांच्या बायकांना दागिने घालून स्टुडिओत उभं केलं आणि खाली 'कुली बाई' असं छापून ती पोस्टकार्डं जगभर विकली गेली. इथंही नाव नाही. फक्त नमुना बदलला.

हे तिकडचं झालं. पण आपल्याकडेही हाच उद्योग त्याच काळात चालू होता. विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकारानं मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. माणसांचे फोटो वेगळे काढायचे आणि मागं मुंबईच्या एखाद्या ठिकाणाचं दृश्य जोडायचं. म्हणजे माणूस जिथं दिसतो तिथं तो उभाच नव्हता. नंतर सरकारी आश्रयानं १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातल्या लोकांचे आठ खंड निघाले, चारशेहून जास्त फोटो. फोटोसोबत मजकूर: ही जात कष्टाळू, ती भांडखोर, अमुक विश्वासू, तमुक लबाड. हे खंड निघत होते त्याच काळात, १८७१ मध्ये, काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा आला. मजकूर कुठला आणि कायदा कुठला, हे वेगळं करणं अवघड आहे. आपल्या भागातल्या पारधी वस्तीवर रात्री कुठं चोरी झाली की आजही पहिली गाडी जाते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

इंदापूरचा यात एक वेगळाच संबंध आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमीन मोजून सारा ठरवण्याची जी पद्धत पुढं सगळीकडे नेली, तिची सुरुवात १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे ते अधिकारी. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं केलेली पाहणी फसली होती, शेतकरी सारा भरता भरता मोडले होते. गोल्डस्मिड-विंगेटनी मातीचा रंग, पोत, खोली पाहून प्रती लावल्या. काळी खोल जमीन वरच्या प्रतीची, मुरमाड बरड खालच्या प्रतीची. मातीत काळ्या रंगाला पहिला नंबर. आपला शेतकरीही तिला काळी आई म्हणून हात जोडतो.

पन्नास वर्षांनी, १८८५ मध्ये, पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं. त्यात माणसांचीही तशीच प्रतवारी आहे. प्रत्येक जातीचा रंग कसा, बांधा कसा, स्वच्छ की अस्वच्छ, काटकसरी की उधळी, दारू पितात की नाही. त्यात आपलेही सगळे आहेत. अत्तार, बागवान, तांबोळी, मोमीन, खाटीक. एखाद्या बागवानाला आपण कसे आहोत हे दोन ओळींत वाचायला मिळतं. त्यातली माहिती सगळी खोटी आहे असं नाही. आमच्या दादांच्या पागोट्यासारख्या गोष्टी त्यातच सापडतात, मीही त्या तिथं शोधल्या आहेत. पण मातीला लावायची पट्टी माणसाला लावली की काय होतं, हे वाचताना दिसतं. मातीत जो रंग पहिल्या प्रतीचा, तोच माणसात खाली जातो.

आणि गंमत अशी की, या मुलखात इंग्रजांच्या आधी जमिनीची पाहणी करून सारा बसवण्यासाठी ज्याचं नाव निघतं, तो माणूस काळा होता. मलिक अंबर. हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बगदादमार्गे दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार त्यानं १६०० नंतर पाव शतक सांभाळला. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढं औरंगाबाद झालं आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथं जमिनीखालून पाण्याची नहर आणली. ज्यांची गढी इंदापुरात आहे ते मालोजीराजे भोसले याच निजामशाहीचे सरदार. त्यांचा मुलगा शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत अंबरच्या बाजूनं मुघल आणि आदिलशाही फौजांविरुद्ध लढला. धाकटा मुलगा शरीफजी त्याच लढाईत पडला. मराठ्यांचे घोडेस्वार आणि हबशी सेनापती एका बाजूला, हे चित्र आपल्या मातीतलं आहे.

त्या माणसाची दोन चित्रं मुलीनं मला दाखवली. एक जहांगीर बादशहाच्या चित्रकारानं, अबुल हसननं, १६१६ च्या आसपास काढलेलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण सोडतो आहे. समोर भाल्याच्या टोकावर अंबरचं तोडलेलं काळं मुंडकं, त्यावर घुबड. प्रत्यक्षात जहांगीर अंबरला कधीच मारू शकला नाही. हे चित्र निघाल्यावर अंबर आणखी दहा वर्षं जगला आणि १६२६ मध्ये म्हातारपणानं वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. जे रणात जमलं नाही ते कागदावर केलं. जहांगीर आपल्या आठवणींतही त्याला रंगावरून हिणवतो. आणि हे करणारा गोरा साहेब नव्हता, आपलाच कलमा पढणारा बादशहा होता. हे विसरून सगळा दोष इंग्रजांवर टाकला तर आपण सुटतो, पण खोटं सुटतो.

दुसरं चित्र हाशिम नावाच्या चित्रकाराचं. तोही मुघलांचाच. पण त्यात अंबर नुसता उभा आहे. वय झालेला, अंगानं भरलेला, पांढरा जामा, कमरेला शेला आणि तलवार. काळा आहे, कारण तो काळा होता. त्यापलीकडे रंगाचं काही म्हणणं नाही. कुणाचा तरी अब्बा वाटावा असा. शत्रूच्या दरबारातल्या चित्रकाराला हे जमलं. मला एका सहावीच्या मुलाच्या बाबतीत जमलं नाही.

शाळेत मला अंबर भेटला तो दोन ओळींत. हबशी हा शब्द मात्र घरात रोज भेटायचा. कुणी अधाशासारखं जेवलं की हबशी. उन्हात खेळून आलं की हबशी. जुम्म्याच्या बयानात हजरत बिलाल यांचं नाव आलं की आमच्या मोहल्ल्यातली म्हातारी माणसं डोळे पुसतात. बिलाल हबशी होते, गुलाम होते, आणि इस्लामची पहिली अजान त्यांच्या आवाजात झाली. त्याच दुपारी त्याच घरात रिश्त्याची बोलणी चालतात आणि पहिला सवाल असतो, "लडकी का रंग साफ है ना?" माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी मीच तिला हळद-बेसन लावून बसवलं होतं. ती म्हणाली होती, "आपा, बस हो गया, जल रहा है." तिलाही मी म्हणाले होते, "कुछ नहीं होता."

मागच्या डिसेंबरात शाळेत पुन्हा पन्हाळ्याच्या वेढ्याचं नाटक निघालं. आता मी सीनियर आहे, म्हणून तरुण शिक्षकांनी विचारलं, "बाई, तुम्ही पूर्वी बसवलं होतं ना? तुम्हीच घ्या." मी नाही म्हणणार होते. मग घेतलं.

या वेळी आधी वाचलं. १६६० च्या त्या वेढ्यात सिद्दी एकट्या जौहरच्याच बाजूला नव्हते. महाराजांकडेही होते. बाहेरून वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल आला होता. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. महाराजांसाठी आपला मुलगा पणाला लावणारा हा बाप माझ्या जुन्या नाटकात नव्हता. मला सिद्दी एकच हवा होता आणि तो काळाकुट्ट हवा होता.

मी हिलालचा प्रवेश लिहिला. तालमीत एका मुलीनं विचारलं, "बाई, दोन्हीकडं सिद्दी? मग लढाई कशाची होती?"

"राज्याची," मी म्हणाले. ती जरा वेळ विचार करत राहिली.

रंगाचा विषय निघाला तेव्हा मी सांगितलं, कुणाच्याही तोंडाला काही लावायचं नाही. एक सर म्हणाले, "बाई, मग लोकांना कळणार कसं सिद्दी कोण ते?"

"तो सांगेल की. त्याला तोंड आहे."

मग तसंच ठरवलं. प्रत्येकानं मंचावर आल्यावर आधी आपलं नाव सांगायचं, कुठून आलो ते सांगायचं. "मी जौहर. विजापूरच्या आदिलशहानं मला सलाबतखान हा किताब दिला." "मी हिलाल. माझा मुलगा या लढाईत आहे." जौहर झालेला मुलगा गोरापान होता. गावातल्या एका आजोबांनी नंतर मला म्हटलं, "मजा नाय आली बाई. सिद्दी सिद्दी वाटतच नव्हता." मी त्यांना काही बोलले नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना माझ्याचसारख्या कुणी तरी सिद्दी दाखवून ठेवला होता.

यानं जुनं काही भरून निघत नाही, हे मला कळतं. तो मुलगा आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. कदाचित त्याच्या हातात कोयता असेल, कदाचित नसेल. दिवाळीनंतर भवानीनगरच्या रस्त्याला टायरगाड्यांची रांग लागते तेव्हा एसटीच्या खिडकीतून मी गाड्यांवरची माणसं बघते. ओळखू येण्यासारखं माझ्याकडे काय आहे? मला त्याचा चेहरा आठवतो तो काजळी लावलेलाच. धुतलेला चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला, येत नाही.

नाटकानंतर आठवडाभरानं मी शाळेच्या कपाटातून त्या वर्षीची हजेरी काढली. पानं पिवळी पडली आहेत. सहावी ब, अनुक्रमांक एकेचाळीस. उशिरा दाखल झालेल्यांची नावं खाली, शाईनं, माझ्याच अक्षरात लिहिलेली. त्याचं पूर्ण नाव तिथं आहे: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. ते इथं लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत एकही दिवस चुकलेला नाही. फडावरून चालत येणारं पोरगं, एक दिवस चुकला नव्हता. संमेलनानंतरच्या आठवड्यातही हजर आहे. मग गैरहजर, गैरहजर, गैरहजर, असं महिनाअखेरपर्यंत. फेब्रुवारीच्या पानावर नावावरून तांबडी रेघ ओढलेली आहे. तीही माझ्याच हातची आहे.